शालजोडीतले जोडे

विद्वानांचे कलह बाजारातील कलहांसारखे नसतात. तेथे आवाज चढत नाही, अपशब्द निघत नाही. उलट प्रत्येक आक्षेपाआधी प्रतिपक्षाच्या विद्वत्तेस वंदन असते. यालाच आपण शालजोडीतून जोडे मारणे म्हणतो. या कलेचा एक इतिहासप्रसिद्ध मासला आम्ही ज्ञातिबंधुभगिनींपुढे ठेवीत आहो.

इंग्लंडचा न्यूटन व जर्मनीचा लायब्निट्झ या दोघांनी कलनगणित स्वतंत्रपणे शोधले, असा आजच्या इतिहासकारांचा निर्वाळा आहे. न्यूटनला ते १६६५-६६ च्या सुमारास साधले. लायब्निट्झला सुमारे दहा वर्षांनी. मात्र १६८४ साली ते प्रथम छापले लायब्निट्झने. तत्पूर्वी १६७६ साली न्यूटनने मध्यस्थामार्फत त्याला पत्रे पाठविली. भाषा अत्यंत आदराची. पण आपल्या पद्धतीचे मर्म त्याने अक्षरांच्या कोड्यात दडवून लिहिले होते. हात जोडले, पण मूठ उघडली नाही!

१६९६ साली लायब्निट्झचा स्नेही बर्नुली याने समस्त गणितज्ञांना एक प्रश्न घातला. न्यूटन तेव्हा टांकसाळीत अधिकारी होता. १६९७ च्या जानेवारीत प्रश्न हाती येताच त्याने तो सोडविला आणि उत्तर निनावी प्रसिद्ध करविले. नखावरून सिंह ओळखला, असे बर्नुली म्हणाल्याचे सांगतात.

येथवर विनोद होता. पुढे लायब्निट्झवर चौर्याचा आरोप आला व त्याने १७११ साली लंडनच्या रॉयल सोसायटीकडे दाद मागितली. तेथील अध्यक्ष न्यूटनच! १७१२ साली समिती नेमली गेली आणि तिचा ‘निःपक्षपाती’ निवाडा बव्हंशी न्यूटननेच लिहिला. १७१५ साली त्या निवाड्याचे निनावी परीक्षणही त्यानेच केले. पुढच्याच वर्षी लायब्निट्झ निवर्तला.

दंड मात्र पुढील पिढ्यांनी भरला. इंग्रज गणितज्ञ अभिमानापोटी न्यूटनच्या चिन्हपद्धतीस चिकटून राहिले व शतकभर युरोपाच्या मागे पडले. १८१२ साली केंब्रिजमधील बॅबेज, हर्शेल, पीकॉक आदी तरुणांनी मंडळ स्थापून लायब्निट्झची चिन्हे स्वीकारण्याचा पुरस्कार केला. आज महाविद्यालयात आपली मुले कलनासाठी जे लांबट ‘एस’ काढतात, ते लायब्निट्झचेच.

आम्हीही शिक्षक असताना एका सहकाऱ्याच्या टिपणावर, ‘विद्वान मित्रांच्या नजरचुकीने’ असे आरंभून लिहिले होते. त्या नम्रतेत डंख किती होता, ते आम्हांस ठाऊक आहे. त्यांनाही तो कळला असावा. पुढे त्यांनी आम्हांस एकही शंका विचारली नाही. नुकसान आमचेच झाले.

आपल्या शास्त्रकारांनी आधी पूर्वपक्ष प्रामाणिकपणे मांडावा, मग खंडन करावे, अशी शिस्त घालून दिली आहे. मतभेद अवश्य असावेत. पण शालजोडी द्यायची तर ती नुसतीच द्यावी.