मंचुरियनचा सॉस नेमका कुठला?

मंचुरियनचा सॉस चीनमधून आलेला नाही बरं का. कोलकात्यात जन्मलेले चिनी वंशाचे शेफ नेल्सन वांग यांच्या सांगण्यानुसार, १९७५ साली मुंबईच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियात त्यांनी आलं, लसूण, हिरवी मिरची परतली. पण गरम मसाल्याऐवजी सोया सॉस आणि कॉर्नफ्लोअर घातलं.

घरीही तेच करायचं. मोठ्या आचेवर परता, सोया सॉस, व्हिनेगर, चमचाभर साखर घाला, मग पाण्यात कालवलेलं कॉर्नफ्लोअर. सॉस लगेच दाटतो.

याच्या १३ वर्षं आधी, १९६२च्या युद्धाच्या वेळी, भारतात राहणाऱ्या चिनी वंशाच्या हजारो लोकांना राजस्थानातल्या देवलीच्या छावणीत डांबलं होतं. सॉस आपला म्हणताना ती माणसंही इथलीच होती, हे लक्षात असू द्या.