कारखान्याच्या गेटपर्यंत नेणारा कायदा

पेणला गणपती घडतात, हे सगळ्यांना माहीत आहे. पण या पेण-रोह्याच्या पट्ट्यात फिटर आणि इलेक्ट्रिशियनही लागतात. रोह्याजवळ धाटावला एमआयडीसीतले केमिकल कारखाने, पेण तालुक्यात डोलवीला पोलादाचा कारखाना. पंप बंद पडला की हाक फिटरलाच!

आयटीआयमागची कारागीर प्रशिक्षण योजना १९५० ची. फिटर, इलेक्ट्रिशियन हे दोन वर्षांचे ट्रेड. पण नुसत्या वर्कशॉपमध्ये हात बसत नाही ना! म्हणून १९६१ चा शिकाऊ उमेदवार कायदा आला: कारखान्यांनी शिकाऊ पोरं घ्यायची, विद्यावेतन द्यायचं.

मी बीटेक. माझा कोड चुकला तर परत रन करतो; इलेक्ट्रिशियनला ती सोय नाही. आणि शिकाऊपण संपलं की त्याला कायम नोकरी दिलीच पाहिजे, असं हा कायदा म्हणत नाही. पोरगा पुन्हा गेटबाहेर, हातात सर्टिफिकेट.