पालघर-तारापूरचे तंत्रशिक्षण : प्रवेश आणि अध्यापन यांचा इतिहास

ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर हा महाराष्ट्राचा छत्तिसावा जिल्हा अस्तित्वात आला, तेव्हा देशातील पहिले अणुविद्युत केंद्र आणि राज्यातील मोठ्या औद्योगिक वसाहतींपैकी एक त्याच्या किनारपट्टीत होती, तर पूर्वेकडील जव्हार, मोखाडा, विक्रमगड या डोंगराळ तालुक्यांत वारली, कोकणा, मल्हार कोळी आणि कातकरी समाजांची वस्ती होती. २०११ च्या जनगणनेनुसार या भूभागातील सुमारे ३७ टक्के लोकसंख्या अनुसूचित जमातींची आहे. ज्या प्रदेशात यंत्रविद्येने एवढे मोठे ठाण मांडले, त्या प्रदेशातील मुलांपर्यंत ती विद्या कोणत्या मार्गाने आणि किती पोहोचली, हा या भागाच्या शैक्षणिक इतिहासातील कळीचा प्रश्न आहे.

महाविद्यालये येण्याच्या कितीतरी आधीपासून या किनाऱ्यावर तंत्रज्ञान होते, फक्त त्याला तसे कोणी म्हणत नव्हते. सातपाटीच्या मच्छीमारांनी बांधलेल्या होड्यांची घडण सागरी नौकाबांधणीच्या अभ्यासकांनी स्वतंत्र प्रकार म्हणून नोंदवली आहे. पुढे शिडाच्या होड्यांवर डिझेल इंजिने बसू लागली, तेव्हा इंजिनाची देखभाल आणि नौकानयन शिकवणारे शासकीय मत्स्यव्यवसाय प्रशिक्षण केंद्र याच गावात उभे राहिले. उत्तरेस चिंचणी, वरोर, वाणगाव या पट्ट्यात सोन्याचांदीच्या दागिन्यांसाठी लागणारे डाय, म्हणजे धातूच्या ठोकळ्यावर कोरलेले साचे, तयार करण्याचा घरगुती धंदा पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. डायमेकर धातूच्या छोट्या ठोकळ्यावर नक्षी आखतो, बारीक छिन्नी आणि हलक्या हातोडीने ती कणाकणाने खोल उतरवतो, आणि दागिन्यावर जे उठून दिसायचे ते ठोकळ्यात खोलगट, तर जे डावीकडे यायचे ते उजवीकडे कोरतो. ठोकळ्यावर पातळ पत्रा ठेवून दाब दिला की नक्षी पत्र्यावर उमटते. हातून एक घाव जास्त पडला तर ठोकळा वाया जातो. त्रिमित वस्तूची उलट प्रतिमा मनात धरून ती धातूत उतरवण्याचे हे कौशल्य घराच्या पडवीत, बापाकडून मुलाकडे गेले. त्याला ना प्रमाणपत्र मिळाले, ना अभ्यासक्रमात जागा.

याच परिसरात शिक्षणपद्धतीचा एक मोठा प्रयोग झाला आणि तंत्रशिक्षणाचा विचार करताना तो बाजूला ठेवणे चुकीचे ठरेल. ताराबाई मोडक (१८९२–१९७३) आणि अनुताई वाघ (१९१०–१९९२) यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले आणि १९५७ मध्ये ते डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर हलवले. ज्या वर्षी केंद्र सुरू झाले, त्याच वर्षी तलासरी-डहाणू भागात वेठबिगारीविरुद्ध वारल्यांचा लढा उभा राहिला होता. अशा काळात पाड्यावरचे मूल शाळेत येत नाही, याचा दोष मुलाला न देता या दोघींनी शाळेची रचनाच बदलली. वस्तीतल्या अंगणात भरणारी अंगणवाडी, गुरे राखणाऱ्या मुलांसाठी शिक्षकाने रानात जाऊन चालवलेली कुरणशाळा, धाकट्या भावंडाला सांभाळणाऱ्या मुलीलाही शिकता यावे म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच छपराखाली आणणारी विकासवाडी, ही त्या बदलाची रूपे होती. शिकवण्याची साधने शिंपले, बिया, पाने आणि माती यांपासून तयार झाली, म्हणजे मुलाच्या हाताला जे आधीच ओळखीचे होते त्यावर अक्षर आणि अंक उभे केले गेले. पुढे २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेतून अंगणवाडी देशभर पोहोचली. परंतु या प्रयोगामागचे तत्त्व, शिकणाऱ्याची परिस्थिती पाहून शिकवणाऱ्याने आपली रीत बदलावी हे, प्राथमिक शाळेच्या वर फारसे चढले नाही.

कोसबाडच्या प्रयोगाला गती येत असतानाच दक्षिणेस काही मैलांवर अगदी वेगळ्या प्रकारचे शिक्षण आले. भारत आणि अमेरिका यांच्यातील १९६३ च्या करारानंतर जनरल इलेक्ट्रिक कंपनीने तारापूर येथे उकळत्या पाण्याच्या दोन अणुभट्ट्या उभारल्या; या प्रकारात भट्टीतच पाण्याची वाफ होऊन ती थेट टर्बाइनकडे जाते. ऑक्टोबर १९६९ मध्ये हे केंद्र व्यावसायिक तत्त्वावर चालू झाले. अणुऊर्जा खात्याने आपले अभियंते विद्यापीठांवर सोडून दिले नाहीत. १९५७ मध्ये तुर्भे येथे प्रशिक्षणशाळा काढून पदवीधरांना पुन्हा पायापासून शिकवण्याची पद्धत त्याने घातली, आणि पदविकाधारक व आयटीआय झालेल्या तरुणांनाही विद्यावेतनावर घेऊन प्रत्यक्ष यंत्रापाशी तयार केले. देशातील तांत्रिक प्रशिक्षणाचा हा उत्तम नमुना होता, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. मात्र त्याची निवड अखिल भारतीय होती आणि दारात पोहोचण्यासाठी जी शालेय तयारी लागे ती शेजारच्या गावांत नव्हती. चौथी अणुभट्टी २००५ मध्ये आणि तिसरी २००६ मध्ये चालू झाली, त्यासाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठली, आणि प्रकल्पग्रस्तांच्या नोकऱ्यांचा प्रश्न पुढे अनेक वर्षे धुमसत राहिला. नोकरीच्या या मागणीच्या मुळाशी शिक्षणाचाही प्रश्न होता, कारण पात्रतेच्या अटीपाशीच बहुतेकांची वाट अडत होती.

बोईसर स्थानकाच्या पश्चिमेस महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने, ज्याची स्थापना १९६२ मध्ये झाली, तारापूर औद्योगिक वसाहत वसवली आणि औषधे, रंग, रसायने, कापड व पोलाद यांचे कारखाने सरावली, पास्थळ, कुंभवली या गावांना येऊन भिडले. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याने कारखान्यांवर तरुणांना कामावर शिकवण्याचे बंधन घातले होते आणि १९७३ च्या दुरुस्तीने पदवी व पदविकाधारक अभियंतेही त्याच्या कक्षेत आले. कागदावर ही तरतूद भक्कम आहे, पण उमेदवारी शिक्षणात मोडते की स्वस्त मजुरीत, हे शेवटी पाळीवरच्या पर्यवेक्षकावर अवलंबून राहते.

विद्यापीठीय अभियांत्रिकी मात्र या भूमीत फार उशिरा उतरली. पुण्यात १८५४ मध्ये आणि मुंबईत १८८७ मध्ये सुरू झालेल्या संस्थांच्या तुलनेत येथील पहिली पावले शतकाहून अधिक मागे आहेत. १९८३ मध्ये वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदानित, म्हणजे शासनाचे वेतन अनुदान न घेता विद्यार्थ्यांच्या शुल्कावर चालणाऱ्या, अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली. त्या धोरणाचा लाभ मिळून वसईत १९९४ मध्ये विद्यावर्धिनीचे महाविद्यालय निघाले आणि पालघर व बोईसर येथे २००० नंतरच्या पहिल्या दशकाच्या अखेरीस खासगी महाविद्यालये उभी राहिली. एप्रिल २०१३ मध्ये विरारच्या पुढे डहाणू रोडपर्यंत लोकल धावू लागली आणि किनाऱ्यावरच्या मुलांचा प्रवास सुकर झाला. जव्हार-मोखाड्याला रेल्वे नाही. तेथील मुलाला एसटी किंवा वसतिगृह हाच आधार.

प्रवेशाच्या बाजूने राज्याने बरेच केले, हे नाकारता येणार नाही. केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेत, म्हणजे गुणवत्ता यादीनुसार सर्व महाविद्यालयांच्या जागा एकत्र भरण्याच्या पद्धतीत, अनुसूचित जमातींसाठी ७ टक्के जागा आणि मुलींसाठी ३० टक्के समांतर आरक्षण आहे. २०२४-२५ पासून आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरांतील इतर मागास, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि आर्थिक दुर्बल प्रवर्गांच्या मुलींना शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ झाले. अडचण त्यानंतर सुरू होते. बारावीपर्यंत आश्रमशाळेत मराठीतून शिकलेला विद्यार्थी पहिल्या सत्रात गणित, यामिकी आणि आरेखन हे विषय एकदम इंग्रजीतून ऐकतो, दोन विषयांत केटी लागते, म्हणजे ते अनुत्तीर्ण राहून पुढे सोडवावे लागतात, आणि वर्गात मागच्या बाकावर बसलेल्या या मुलाला विषय समजला नाही की भाषा, हे तपासण्याची सोय व्यवस्थेत नसते.

अध्यापन सुधारण्याचे प्रयत्न झाले, पण बहुधा वरून खाली आले. जून २०१४ मध्ये भारत वॉशिंग्टन करारात, म्हणजे विविध देशांनी परस्परांच्या अभियांत्रिकी पदव्यांना मान्यता देण्याच्या व्यवस्थेत, पूर्ण सदस्य झाला. त्यासोबत फलाधारित शिक्षण रूढ झाले, ज्यात काय शिकवले यापेक्षा विद्यार्थ्याला काय करता येऊ लागले याची नोंद ठेवायची असते. उद्देश रास्त होता. प्रत्यक्षात प्राध्यापकांचे तास तक्ते भरण्यात गेले. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०१७ पासून नवागतांसाठी तीन आठवड्यांचा परिचय कार्यक्रम सुचवला, आणि २०२१ मध्ये प्रादेशिक भाषांतून अभियांत्रिकीला परवानगी मिळून पिंपरी-चिंचवडच्या महाविद्यालयात मराठीतून संगणक अभियांत्रिकी सुरू झाली. पदविकेच्या पातळीवर राज्याने मराठी-इंग्रजी असा द्विभाषिक पर्याय दिला. पालघरसाठी हा द्विभाषिक पर्यायच अधिक उपयोगाचा आहे, कारण येथील मुलाला तारापूरच्या कारखान्यात इंग्रजी सूचना वाचायची आहे आणि ती त्याला आधी मराठीतून उमगायची आहे.

अभियांत्रिकी आरेखनाच्या पहिल्या धड्यात वस्तू समोरून, वरून आणि बाजूने कशी दिसते ते कागदावर वेगवेगळे काढावे लागते, यालाच लंबप्रक्षेप म्हणतात, आणि अनेक विद्यार्थी येथेच अडखळतात. वरोरच्या डायमेकराच्या घरातील मुलगी ही दृष्टी घेऊनच महाविद्यालयात येते, पण फळ्यावरच्या काटकोनी ठोकळ्याशी तिच्या घरच्या साच्याचे नाते कोणी जोडून दाखवत नाही. हीच गोष्ट प्रदूषणाची. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या निर्देशांकात, ज्यात हवा, पाणी आणि जमीन यांच्या दूषिततेला एकत्रित गुण दिले जातात, तारापूर देशात सर्वांत वरच्या क्रमांकावर होते, आणि सांडपाण्याने मासेमारीचे नुकसान होत असल्याबद्दल अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने २०१६ मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे दाद मागितली. मच्छीमारांच्या संघटनेने जो प्रश्न न्यायालयीन पातळीवर नेला, तो परिसरातील प्रत्येक रसायन व पर्यावरण अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याचा प्रकल्प व्हायला हवा होता, कारण त्यातील मोजमापे, प्रक्रिया आणि नीती हे सर्व अभ्यासक्रमाचेच भाग आहेत.

प्रथम वर्षाच्या प्राध्यापकांच्या प्रशिक्षणात कोसबाडच्या कामाचा अभ्यास असावा, चिंचणीच्या डायमेकराला कार्यशाळेत मानधनावर पाचारण करावे, आणि पहिल्या सत्राचे गणित व आरेखन दोन्ही भाषांतून समजावून द्यावे. यांपैकी कशासाठीही नव्या कायद्याची गरज नाही.