सोपाऱ्याचा अशोक आणि सिंगापूरचं कासव

वैशाख पौर्णिमा आली की इथे सिंगापुरात ‘फांगशेंग’चा विषय हटकून निघतो. पकडलेला जीव विकत घ्यायचा आणि सोडून द्यायचा, ही चिनी बौद्धांची जुनी प्रथा. आम्हीही एकदा लेकाच्या हट्टापायी लाल कानाचं कासव तलावात सोडलं आणि मोठ्या पुण्यवानाच्या थाटात घरी आलो! कासव मूळचं अमेरिकेतलं, हे कुठे ठाऊक होतं? अशी पाळीव कासवं पुष्कळदा बाहेर जगत नाहीत, आणि जगलीच तर इथल्या कासवांचं अन्न बळकावतात. २०२० च्या वन्यजीव कायद्याने तर विनापरवाना प्राणी सोडणं गुन्हाच आहे.

तेव्हा मला आपला नालासोपारा आठवतो. १८८२ साली भगवानलाल इंद्रजींना तिथे अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला, १९५६ मध्ये जवळच्या भुईगावात नवव्याचा. या नवव्या लेखाचा पूर्ण मजकूर गिरनारला वाचायला मिळतो. आजारपणात, लग्नात, प्रवासाला निघताना लोक नाना मंगलविधी करतात, पण त्यांचं फळ थोडं, असं सम्राट चक्क सांगतो. मग खरं मंगल कुठलं? दास-नोकरांशी नीट वागणं, गुरुजनांचा मान, श्रमण-ब्राह्मणांना दान आणि प्राण्यांच्या बाबतीत संयम. दया नव्हे हं, शब्द संयमच आहे.

आमच्या त्या कासवाचं पुढे काय झालं, कोण जाणे.