विरामचिन्हांचा इंग्रजी वाद व खाडीपलीकडील मोडी कागद

इ. स. १७८७ मध्यें ठाण्याच्या किल्ल्यांत नव्या बांधकामासाठीं खणीत असतां शिलाहार राजा अरिकेसरी याचा शके ९३९ चा ताम्रपट सांपडला. त्याचें इंग्रजी भाषांतर लागलीच कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या 'एशियाटिक रिसर्चेस' या ग्रंथाच्या पहिल्या खंडांत, म्हणजे १७८८ सालीं, प्रसिद्ध झालें. मूळ लेख संस्कृत. त्या काळच्या ताम्रपटांत विरामासाठीं उभा दंड हेंच काय तें साधन. तोही खोदणाराच्या मर्जीप्रमाणें कोठें असावयाचा, कोठें नसावयाचा. भाषांतर मात्र तत्कालीन छापील इंग्रजीच्या रिवाजाप्रमाणें चिन्हांनीं बांधलेलें. विद्वान् लोक त्याकडे शिलाहारांच्या वंशावळीसाठीं पाहतात. आम्हांस तें येथें दुसऱ्याच कारणासाठीं आठवलें. ठाणें प्रांतांतील जुन्या लेखाला इंग्रजी विरामचिन्हांचा पोषाख चढल्याचें याहून जुनें उदाहरण आमच्या पाहण्यांत नाहीं. हा पोषाख पुढें आपल्या सर्वच जुन्या कागदांना चढला. तो कोणाच्या मापाचा होता, याचा विचार या लेखांत करावयाचा आहे.

ठाणें इंग्रजांनीं मराठ्यांपासून डिसेंबर १७७४ मध्यें घेतलें. कल्याणही त्यांनीं १७८० सालीं घेतलें खरें, परंतु १७८२ च्या सालबाईच्या तहानें साष्टी इंग्रजांकडे राहून कल्याण पुनः पेशव्यांकडे आलें. तेव्हांपासून पेशवाई बुडेपर्यंत, म्हणजे सुमारें पस्तीस वर्षें, खाडीच्या एका तीरीं इंग्रजांचा अंमल व दुसऱ्या तीरीं पेशव्यांचा, अशी स्थिति होती. आगगाडी १८५३ सालीं ठाण्यास व १८५४ सालीं कल्याणास पोंचली, आणि आज तर ठाणें, डोंबिवली, कल्याण हीं एकाच वस्तीचे भाग असल्यासारखीं झालीं आहेत. त्यामुळें ही सरहद्द आपण विसरलों आहों. पण एका तीरावरील दप्तर स्वल्पविराम घालणाऱ्या भाषेंत लिहिलें जात होतें व दुसऱ्या तीरावरील मोडींत, ही गोष्ट कागद वाचणारानें विसरूं नये.

मोडी लिहिणारा कारकून प्रथम कागदाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत रेघ ओढी व मग तिच्याखालीं अक्षरें लटकवीत जाई. शब्द कोठें तुटला, वाक्य कोठें संपलें, हें डोळ्यांस दिसावें अशी तींत तजवीजच नाहीं. यावरून कित्येकांनीं असा ग्रह करून घेतला आहे कीं, इंग्रजांनीं शिकवीपर्यंत मराठी गद्याला विरामच ठाऊक नव्हता. हा ग्रह चुकीचा आहे. मराठी पत्रलेखनांत विराम होता. तो चिन्हांनीं दाखवीत नसत, शब्दांनीं दाखवीत. 'त्यास', 'ऐशास' या शब्दांनीं नवें वाक्य किंवा नवा मुद्दा सुरू होई. 'सबब' म्हटलें कीं कारण संपून कार्य लागलें. 'जाणिजे', 'कळावें', 'हे विनंति' यांनीं मजकूर मिटे, आणि 'लेखनसीमा' किंवा 'मर्यादेयं विराजते' अशी अक्षरें असलेली मुद्रा उमटली म्हणजे त्यापुढें कोणास एक अक्षर वाढवितां येऊं नये अशी व्यवस्था होती. इंग्रजी पूर्णविरामाच्या टिंबाला इतकी सत्ता कधींही मिळाली नाहीं.

दुसऱ्याच्या पत्रांतील मजकूर आपल्या पत्रांत घेतला कीं त्याच्या शेवटीं 'म्हणोन लिहिलें तें कळलें' असें येई. हें आपलें अवतरणचिन्ह. परंतु त्यांत एक मोठी अडचण आहे. 'म्हणोन' हा शब्द अवतरण बंद करतो; तें उघडलें कोठें, हें सांगत नाहीं. लिहिणारास व वाचणारास प्रकरण ठाऊक असे, म्हणून त्यांचें अडत नसे. अडतें तें दीडदोनशें वर्षांनीं तो कागद छापावयास घेणाऱ्या संपादकाचें. इंग्रजी अवतरणचिन्हें जोडीनें येतात. मिटणारें घालावयाचें तर उघडणारेंही कोठें तरी घातलेंच पाहिजे. तें दोन ओळी अलीकडे घातलें तर धमकी कल्याणच्या सुभेदाराची ठरते. दोन ओळी पलीकडे घातलें तर तीच धमकी ठाण्याच्या इंग्रज अंमलदाराची ठरते.

आतां ज्यांच्याकडून हीं चिन्हें आलीं त्यांच्यांत तरी एकमत होतें काय? नव्हतें. रॉबर्ट लौथ या बिशपानें १७६२ सालीं इंग्रजीचें लहानसें व्याकरण लिहिलें. त्यांत त्यानें चिन्हांचें माप काळावर बसविलें. स्वल्पविरामाच्या दुप्पट अर्धविराम, त्याच्या दुप्पट अपूर्णविराम, त्याच्या दुप्पट पूर्णविराम. आणि संगीतांतील स्वरांच्या काळाशीं त्यानें या प्रमाणाची तुलना केली. लिंडले मरे यानें १७९५ च्या आपल्या व्याकरणांत हेंच प्रमाण उचललें, व मरेचें पुस्तक इंग्लंडांत, अमेरिकेंत आणि आपल्याकडील इंग्रजी शाळांतही पसरलें. या हिशेबानें स्वल्पविराम एक मात्रेचा धरला तर पूर्णविराम आठ मात्रांचा होतो. ऱ्हस्व, दीर्घ व प्लुत यांच्या मात्रा मोजण्यांत ज्यांचा जन्म गेला त्या आपल्या शास्त्र्यांस ही गोष्ट परकी वाटण्याचें कारण नव्हतें.

परंतु खुद्द इंग्लंडांतच या मताला पुढें विरोध झाला. १८४४ सालीं जॉन विल्सन यानें (मुंबईचे मिशनरी डॉ. विल्सन ते हे नव्हत) मँचेस्टर येथें व्याकरणानुसारी विरामचिन्हांवर स्वतंत्र ग्रंथ छापला. चिन्ह हें श्वासाकरितां नसून वाक्यरचनेकरितां आहे, हा त्याचा पक्ष. वाचणारा कोठें थांबेल हें त्याच्या छातीच्या भात्यावर अवलंबून; कर्ता कोणता व कर्म कोणतें, गौण वाक्य कोठें सुरू होतें, हें मात्र सर्वांस सारखेंच. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत हा दुसरा पक्ष हळूहळू प्रबळ झाला. विसाव्या शतकांत 'आणि' या अर्थाच्या इंग्रजी शब्दापूर्वीं स्वल्पविराम घालावा कीं नाहीं, यावर ऑक्सफर्डचे छापखानेवाले व वर्तमानपत्रवाले जे भांडत आले, तें या जुन्या भांडणाचेंच नातवंड होय.

मराठींत हीं चिन्हें रूढ करण्याचें श्रेय मेजर थॉमस कँडी यांना दिलें जातें, आणि तें योग्यच आहे. कँडीसाहेब (१८०४–१८७७) मोल्सवर्थच्या १८३१ च्या कोशाचे साहाय्यक, १८४७ च्या इंग्रजी-मराठी कोशाचे पूर्णकर्ते, आणि पुढें सरकारी भाषांतरखात्यांत शालेय पुस्तकांच्या भाषेवर नजर ठेवणारे. त्यांचें 'विरामचिन्हांची परिभाषा' हें पुस्तक १८५० चें. सालाकडे लक्ष द्यावें. विल्सनचा ग्रंथ निघून तेव्हां सहाच वर्षें झालीं होतीं. येथील शाळांत चालत होता तो मरेचा संप्रदाय. म्हणूनच आपल्याकडे या खुणांस 'वाक्यभेदक' किंवा 'अन्वयचिन्हें' असें नांव न पडतां 'विराम' हें नांव पडलें. स्वल्प, अर्ध, अपूर्ण, पूर्ण हे सगळे थांबण्याचे प्रकार. इंग्लंडांत जो पक्ष पुढें मागें पडला त्याचें मत आपल्या परिभाषेंत कायमचें कोरलें गेलें. शाळेंत स्वल्पविरामापाशीं 'एक' म्हणण्याइतकें थांबावें, पूर्णविरामापाशीं त्याहून अधिक, असें मुलांस शिकविण्याची चाल यांतूनच पडली.

दोन लहान गोष्टी येथें नमूद कराव्याशा वाटतात. हिंदीनें पूर्णविरामासाठीं दंड राखला. मराठीनें व गुजरातीनें इंग्रजी टिंब घेतलें. बालबोध अक्षरांच्या ओळींत उभा दंड काना म्हणून वाचला जाण्याचा संभव असतो, हें त्याचें एक कारण असावें असें आम्हांस वाटतें. दुसरें, अपूर्णविरामाचीं दोन टिंबें मराठींत विसर्गासारखीं दिसतात. म्हणून आपल्या छापखान्यांनीं त्यांच्यापुढें आडवी रेघ जोडण्याची युक्ति काढली. इंग्रजीच्या कोणत्याही व्याकरणकारास ही अडचण स्वप्नांतही सुचली नसती.

व्याकरणाची कथा याच वळणाची आहे. दादोबा पांडुरंग तर्खडकर यांच्या १८३६ च्या मराठी व्याकरणाची मांडणी इंग्रजी व्याकरणाच्या नमुन्यावर झाली, व शब्दांच्या आठ जाती आपल्या मुलांच्या तोंडीं बसल्या. तेथें निदान नमुना वांकवावा लागला; इंग्रजींत नामाच्या आधीं येणारा शब्द मराठींत नामाच्या पाठीमागें लागतो, म्हणून त्याला 'शब्दयोगी' असें निराळें नांव द्यावें लागलें. चिन्हांच्या बाबतींत असा वांकविण्याचा प्रयत्न फारसा झाला नाहीं. तीं जशींच्या तशीं आलीं. पुढें तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेनें व त्यानंतर रेन आणि मार्टिन यांच्या व्याकरणानें इंग्रजी शिकलेल्या पिढ्याच आमचे जुने कागद छापावयास बसल्या. 'निबंधमाले'च्या (१८७४ पासून) लांब, अर्धविरामांनीं तोललेल्या वाक्यांची गोडी त्यांच्या कानांत होतीच. त्यांच्या लेखणीस जेथें थांबावेंसें वाटलें तेथें त्यांनीं कागदासही थांबविलें.

ठाण्यास याचा विशेष संबंध आहे. कै. विनायक लक्ष्मण भावे यांनीं १८९३ सालीं येथें मराठी ग्रंथसंग्रहालय स्थापण्यांत पुढाकार घेतला, 'महाराष्ट्र सारस्वत' लिहिलें, जुन्या हस्तलिखितांचा शोध जन्मभर केला व १९०३ पासून 'महाराष्ट्र कवि' या मासिकांतून जुनीं काव्यें छापलीं. काव्याच्या संपादकास विरामाची फारशी धास्ती नसते; ओंवीचा चरण व शेवटचा दंड त्यास सांभाळून नेतात. गद्यांत पाऊल टाकलें कीं जमीन निसरडी. वानगीदाखल आम्हींच रचलेलें एक वाक्य घ्यावें. वसुलीच्या कागदांच्या धाटणीचें तें आहे:— 'पाटिलानें दुसाला वसूल घेतला नाहीं म्हणतो'. 'घेतला' नंतर स्वल्पविराम घातला तर पाटलानें पैसा घेतला असून तो नाकबूल जातो, म्हणजे पाटील चोर. 'नाहीं' नंतर घातला तर वसूल झालाच नाहीं असें पाटलाचें सांगणें, एवढेंच. कागदावर चिन्ह नाहीं. संपादकानें दिलेल्या टिकलीनें एक घराणें कलंकित होतें किंवा मोकळें सुटतें, आणि छापील पुस्तक पाहणारास ती टिकली कोणाची हें कळतही नाहीं. किल्लेदारास लिहिलेलें असेंच एक वाक्य कल्पावें:— 'किल्ला न सोडावा जो सांगेल त्यास धरावें'. येथें विराम कोठें घालाल त्यावर धरावयाचा माणूस बदलतो. प्रस्तुत लेखकानें नकला करतांना असे स्वल्पविराम कानाच्या सांगण्यावरून घातले आहेत, व मूळ पुनः पाहिल्यावर कांहीं खोडलेही आहेत.

इंग्रजांच्या इतिहासांत याच जातीची एक आख्यायिका आहे. राजा दुसरा एडवर्ड १३२७ सालीं कैदेंत मेला. त्याच्या रखवालदारांस एका बिशपानें विरामरहित लॅटिन वाक्य धाडलें. एके ठिकाणीं थांबल्यास 'मारूं नका, भिणें बरें', दुसरे ठिकाणीं थांबल्यास 'मारण्यास भिऊं नका, तें बरें'. मार्लोनें ती आपल्या नाटकांत घेतली. तो बिशप त्या वेळीं देशांतही नव्हता, म्हणून इतिहासकार ती मानीत नाहींत. आपल्याकडे नारायणरावाच्या खुनाविषयीं (३० ऑगस्ट १७७३) 'ध' चा 'मा' केल्याची कथा सर्वतोमुखीं आहे; ती अक्षराची, विरामाची नव्हे. इंग्रजांस घात करावयास स्वल्पविराम पुरला, मराठ्यांस अक्षर बदलावें लागलें. दोन्ही कथा खऱ्या न धरल्या तरी कोणत्या लोकांचें लक्ष कागदावर कोठें असे, हें त्यांवरून दिसतें.

गंमत अशी कीं, ज्यांनीं आपणांस चिन्हें दिलीं त्यांचींच न्यायालयें त्यांवर विश्वास ठेवीत नसत. जुन्या इंग्रजी कायद्यांच्या मूळ लेखांत चिन्हें विरळ असत, व दस्तऐवजांत तीं मुद्दाम टाळीत. बरद्वानच्या महाराणीच्या खटल्यांत १८८७ च्या सुमारास प्रिव्ही कौन्सिलनें, कायद्याचा अर्थ विरामचिन्हांवरून लावणें चूक होय, असा अभिप्राय दिला. १९५२ सालीं आपल्या सर्वोच्च न्यायालयापुढें अश्विनीकुमार घोष यांच्या प्रकरणांत एका स्वल्पविरामाचा प्रश्न पुनः आला. तेव्हां न्या. मुखर्जी यांनीं चिन्ह हें अर्थनिर्णयाचें गौण साधन मानलें. पण कायदा काळजीपूर्वक चिन्हांकित केलेला असल्यास त्यास कांहीं वजन द्यावें, असेंही म्हटलें. काळजीपूर्वक, आणि तेंही लिहिणारानेंच. मोडी कागदाच्या बाबतींत लिहिणारा व चिन्ह घालणारा यांच्यामध्यें शतकाचें अंतर असतें.

तेव्हां यापुढें पेशवाईंतील कागद छापतांना संपादकानें घातलेलें प्रत्येक चिन्ह चौकटी कंसांत द्यावें, 'त्यास', 'ऐशास' या शब्दांपूर्वीं नवी ओळ धरावी, आणि जेथें 'म्हणोन' येईल तेथें अवतरण कोठून उघडलें याचा निर्णय टीपेंत कारणांसह लिहावा, अशी आमची सूचना आहे. दोन वाचनें संभवत असतील तेथें दोन्ही द्यावींत. यानें पान कांहींसें काटेरी दिसेल व छापखान्यास अडचण पडेल. परंतु वरील पाटलाचें वाक्य चौकटी कंसांतील स्वल्पविरामासह छापलें गेलें, तर त्यास चोर कोणी ठरविलें हें तरी वाचकास दिसेल.