जिलेबीच्या रंगाची लोकर

मिठाईचा पिवळेपणा केशराचा की कारखान्यातला, हे ओळखायची एक जुनी रीत अन्नतपासणीच्या प्रयोगशाळांत आहे. नमुना पाण्यात कालवायचा, त्यात थोडं आम्ल घालायचं आणि पांढऱ्या लोकरीचा धुतलेला धागा टाकून उकळायचा. धाग्यावर चढलेला रंग खळबळून सुटला नाही, तर तो सौम्य अमोनियात उतरवतात. मग ते पाणी पुन्हा आंबट करून त्यात दुसरा कोरा धागा टाकतात. तोही रंगला की कृत्रिम आम्लरंगाबद्दल संशय उरत नाही.

लोकरीची साक्ष इतकी पक्की, कारण हे रंग मुळात तिच्याच घराण्यातले. जिलेबीतलं टारट्राझीन 1884 सालचं. रंगांच्या जागतिक यादीत ते ‘ॲसिड यलो 23’ या नावानं नोंदलेलं आहे. सरबतातलं कार्मोइसिन म्हणजे ‘ॲसिड रेड 14’ आणि आइसकांडीतला ब्रिलियंट ब्लू म्हणजे ‘ॲसिड ब्लू 9’. हळदीत नि तूरडाळीत मिसळतात ते बंदी असलेलं मेटॅनिल यलो, तेही याच गोतातलं. ते मात्र खायच्या पंगतीत कधीच बसवलेलं नाही. खायचे रंग असे लोकरीचेच, म्हणून कुणाला जुना स्वेटर उसवून त्याची लोकर नव्यानं रंगवायची हुक्की आली, तर किराणा दुकानातली खायच्या रंगाची डबी आणि घरातलं लिंबू एवढ्यावर काम भागतं.

या घराण्याचा मूळ पुरुष निळा होता, आणि त्याचं आजोळ आपल्याकडचं. आपल्या निळीची सगळ्यात मोठी खोड म्हणजे ती पाण्यात विरघळत नाही. तिला पिंपात आंबवून, रंग घालवून, धाग्यावर चढवून मग हवेत निळी होऊ द्यावी लागते. 1743 मध्ये जर्मनीतल्या सॅक्सनी प्रांतात बार्ट नावाच्या माणसानं ती जहाल गंधकाम्लात विरघळवली. आता ती साध्या पाण्यातही विरघळू लागली आणि आंबट पाण्यात थेट लोकरीवर बसू लागली. या ‘सॅक्सन ब्लू’चा आजचा वंशज इंडिगो कारमाइन. आपल्याकडच्या खाद्यरंगांच्या अधिकृत यादीत तोही आहे.

पुढची शंभरेक वर्षं ही युक्ती निळीपुरतीच राहिली. मग ॲनिलीन या रसायनापासून कृत्रिम रंग बनू लागले: 1856 मध्ये रसायनज्ञ पर्किनचा जांभळा आला आणि 1859 मध्ये मॅजेंटा. दिसायला भडक, पण उन्हात लवकर विटणारे. जॉर्ज बर्डवूड, बेळगावात जन्मलेले आणि मुंबईत उमेदीची वर्षं घालवलेले, यांनी 1880 च्या आपल्या ग्रंथात या रंगांनी झालेल्या भारतीय गालिच्यांच्या अधोगतीवर आसूड ओढलाय. तुरुंगात विणलेल्या गालिच्यांवर त्यांचा विशेष राग. काश्मीरच्या महाराजांनी मॅजेंटावर जबर जकात बसवली आणि सरहद्दीच्या आत सापडलेला माल नष्ट करवला, हे ते कौतुकानं सांगतात. जबलपूरचे गालिचेही त्यांच्या तडाख्यातून सुटले नाहीत. इंग्रज अधिकारी स्लीमननं पकडलेल्या ठगांपैकी माफीचे साक्षीदार झालेल्यांसाठी 1837-38 च्या सुमारास तिथं उद्योगशाळा निघाली होती. ज्या हातांनी रुमालाचे फास आवळले, ते तिथं तंबू नि गालिचे विणायला बसले. बर्डवूडांचा राग मला पटतो. फक्त तो सगळ्याच नव्या रंगांवर निघाला, हे जरा अन्यायाचं झालं. कारण 1862 मध्येच रसायनज्ञ निकल्सननं बार्टचीच युक्ती ॲनिलीनच्या निळ्यावर चालवली होती. गंधकाम्लाची प्रक्रिया केली की रंगाच्या रेणूला ऋण भार मिळतो. आंबट पाण्यात लोकरीच्या प्रथिनावर धन भार येतो. दोघं एकमेकांना धरतात. 1876 मध्ये ‘ऑरेंज टू’ आला आणि मग लोकरीसाठी असे रंग धडाधड निघाले.

घरी करायचं तर हिशेब सोपा आहे. 10 ग्रॅम शुद्ध रंग 1 लिटर पाण्यात विरघळवला की त्या पाण्याच्या 100 मिलिलिटरमध्ये 1 ग्रॅम रंग येतो. 100 ग्रॅम कोरड्या लोकरीला मध्यम गडद छटेसाठी तेवढा पुरतो. पिवळं आणि निळं अशी दोन पाणी वेगवेगळ्या बाटल्यांत ठेवावी. हिरव्यासाठी आधी पिवळं मोजून घ्यावं आणि निळं चमच्यानं वाढवत जावं, कारण निळा फार जोरकस. बाजारच्या डबीत मात्र रंग थोडा आणि मीठ जास्त असू शकतं. तिथं वजनापेक्षा डोळ्यांवर भिस्त.

लडी आधी अर्धा तास कोमट पाण्यात भिजवून मग रंगाच्या पातेल्यात सोडायची, आणि आच मंद. पाऊण तासात पाणी उकळीच्या आसपास यावं, उसळू नये. व्हिनेगर किंवा लिंबूफूल थोडं थोडं, लडी बाजूला घेऊन घालायचं. एकदम ओतलं तर रंग पहिल्या स्पर्शालाच चिकटतो आणि लडी कबरी होते. ढवळाढवळ केली तर लोकरीचा नमदा होतो. सगळं नीट जमलं की पातेल्यातलं पाणी हळूहळू निवळत जातं आणि शेवटी नुसतं आंबट, जवळजवळ बिनरंगी उरतं. लडी त्याच पाण्यात थंड होऊ द्यायची. खायचे रंग उन्हाला फारसे टिकत नाहीत, इंडिगो कारमाइन तर मुळीच नाही. बाळाच्या टोपड्याला चालतील. रोज उन्हात वापरायच्या शालीला लोकरीचेच आम्लरंग आणावेत, आणि त्यांचं पातेलं पुन्हा स्वयंपाकात आणू नये.

पण रंगवायला बसण्याआधी धाग्याचं एक टोक जाळून बघावं. जळक्या केसांचा वास आला तर लोकर. वितळून कडक मणी झाला तर ते ॲक्रिलिक, म्हणजे दुकानात आज ‘लोकर’ म्हणून मिळतं त्यातलं बरंच. त्यावर आम्लरंग ढिम्म चढत नाही. त्याला लागतात धन भाराचे रंग, म्हणजे मॅजेंटाच्या भाऊबंदांतले. लोकरीवर विटणारं हे कूळ ॲक्रिलिकवर मात्र चांगलं टिकतं.