पेटंटची आकडेवारी आणि तंत्रवैज्ञानिक प्रगतीचे मापन : महाराष्ट्रातील दोन उदाहरणे

विविध देशांच्या तंत्रवैज्ञानिक प्रगतीची तुलना करताना पेटंटची संख्या हा निकष सर्रास वापरला जातो. ही आकडेवारी सलग, दीर्घकालीन व सहज उपलब्ध असते. भारतात पेटंटविषयक पहिला कायदा १८५६ मध्येच झाला. तथापि ही संख्या नेमके काय मोजते, हे महाराष्ट्रातील दोन उदाहरणांवरून तपासता येते.

मुंबईत १८६७ मध्ये जन्मलेले शंकर आबाजी भिसे यांनी मुद्रणाचे खिळे ओतणाऱ्या यंत्रांवरील संशोधन प्रामुख्याने लंडनमध्ये व पुढे अमेरिकेत केले. बाजारपेठ तेथे असल्याने पेटंटेही तेथेच घेतली गेली. परिणामी, संशोधकाच्या निवासस्थानावरून मोजणी केली तरी हे कर्तृत्व ब्रिटन-अमेरिकेच्याच खाती जमा होते.

दुसरे उदाहरण नाशिकच्या द्राक्षशेतीचे. खरड छाटणी, गोडी छाटणी व जिब्रेलिक आम्लाचा वापर यांची स्थानिक हवामानाशी सांगड येथील बागायतदारांनी अनुभवातून घातली. परंतु १९७० च्या पेटंट कायद्याचे कलम ३ शेती व फलोत्पादनाच्या पद्धतींना पेटंटयोग्य शोध मानत नाही. वनस्पतींच्या वाणांनाही त्यात स्थान नाही. याउलट अमेरिकेत कलमांद्वारे वाढविलेल्या नव्या वाणांना १९३० पासून पेटंट मिळते. म्हणजेच समान स्वरूपाचे कार्य एका देशाच्या आकडेवारीत दिसते, तर दुसऱ्या देशाच्या आकडेवारीतून वगळले जाते.

सारांश, देशादेशांतील कायद्यांचे भेद व संशोधकांचे स्थलांतर विचारात घेतल्याखेरीज केवळ पेटंटसंख्येवरून एखाद्या समाजास तंत्रज्ञानात मागासलेला ठरविणे इतिहासदृष्ट्या समर्थनीय नाही.